आमच्या बसूनं केलेला ॲम्प्लिफायर

उन्हाळा लागला की मला राग येतो. घामाचा नव्हे, आणि नळाला चार-चार दिवस पाणी येत नाही त्याचाही नव्हे. सोलापुरात जन्म गेलेल्या माणसाला त्या गोष्टींवर रागवायला वेळ नसतो. माझा राग एका ठरावीक उन्हाळ्यावरचा आहे. दुपारी कॉलेजातून यावं, डोक्यावरची ओढणी सोडावी, पंखा लावावा, आणि पंख्यानं वरची तापलेली हवा तोंडावर फेकली की माझ्या नाकात राळेचा वास येतो. सोल्डरिंग करताना तारेतली राळ जळते, तिचा गोडसर, डोळ्यांत चुरचुरणारा वास. खोलीत कुणी सोल्डरिंग करत नसतं. टेबलावर बारावीच्या फिजिक्सच्या पेपरांचे गठ्ठे असतात, शेजारी लाल पेन. तरी वास येतो, आणि वासामागून राग येतो.

मैत्रिणी म्हणतात, एवढ्या वर्षांत राग निवायला हवा होता. मी फिजिक्स शिकवते. वस्तू निवते ती तिच्या आजूबाजूचं तिच्यापेक्षा थंड असतं म्हणून. मे महिन्यात सोलापुरात काय निवणार?

त्या उन्हाळ्यात मी एक ॲम्प्लिफायर बनवला. व्हॉल्व्हचा. जुन्या रेडिओच्या मागच्या जाळीतून डोकावलं की आत केशरी उजळलेल्या काचेच्या नळ्या दिसायच्या, ते व्हॉल्व्ह. आमच्या गल्लीत एक रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानदार वारले, दुकान बंद झालं, आणि एका रविवारी त्यांच्या बायकोनं मला हाक मारून माळ्यावरचं खोकं दाखवलं. वर्तमानपत्रात एकेक गुंडाळलेले व्हॉल्व्ह, न वापरलेले. "भंगारवाला काचेला हात लावंना. तुला कळतंय त्यातलं, घेऊन जा बाई," त्या म्हणाल्या. मी ते खोकं दोन्ही हातांनी छातीशी धरून शुक्रवार पेठेतून घरी आणलं. तान्हं मूल आणावं तसं, असं लिहिणार होते, पण मला मूल नाही. तेव्हा काचेचं खोकं आणावं तसं आणलं.

मूल नाही आणि नवराही नाही. लग्न करून बार्शीला दोन वर्षं राहिले आणि परत आले. परत आले म्हणण्यापेक्षा आप्पांनी परत आणलं. आप्पा म्हणजे माझे वडील, हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झालेले. ते स्वतः टेम्पो घेऊन बार्शीला आले, माझ्या सासऱ्यांना नमस्कार केला, माझं कपाट, माझी पुस्तकं, माझा मिक्सर टेम्पोत चढवलं आणि वाटभर एक अक्षर बोलले नाहीत. घरी आल्यावर म्हणाले, "हात धू. भाकरी केलीय मी." आई तोवर गेलेली होती. त्या दिवसापासून आजपर्यंत त्यांनी मला त्या लग्नावरून एक शब्द ऐकवलेला नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढं जे सांगायचंय ते वाचून कुणी त्यांना दुष्ट ठरवेल. ते दुष्ट असते तर माझं काम सोपं झालं असतं.

तर ॲम्प्लिफायर. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमध्ये व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्या मध्ये एक ट्रान्सफॉर्मर बसवतात. व्हॉल्व्हकडे व्होल्टेज भरपूर आणि करंट थोडा. स्पीकरला नेमकं उलटं हवं असतं. मधला ट्रान्सफॉर्मर दोघांचं जमवून देतो. पण जमवताना तो आवाजातलं थोडं स्वतःकडे ठेवून घेतो, खर्जातलं थोडं आणि अगदी वरचं थोडं. मला तो मध्यस्थ नको होता. तो काढून टाकायचा तर एकाच्या जागी पुष्कळ व्हॉल्व्ह शेजारी शेजारी जोडावे लागतात, म्हणजे सगळे मिळून स्पीकरला पुरेल एवढा करंट देतात. आणि तेवढे व्हॉल्व्ह म्हणजे पेटलेली शेगडी. थंड देशातले हौशी लोक असला ॲम्प्लिफायर हिवाळ्यात करून त्यावर हात शेकत गाणं ऐकतात. मी तो केला एप्रिल-मेमध्ये, पत्र्याखालच्या खोलीत, कारण मला सुट्टी तेव्हाच होती.

यंत्रमागाचे सुटे भाग करणाऱ्या एका वर्कशॉपमधून ॲल्युमिनियमचा पत्रा वाकवून आणि गोल भोकं पाडून आणला. घरात आणल्यावर आप्पांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि इडलीपात्र केलंस का विचारलं. मग मी घरच्या विजेचा दाब वाढवणारा मोठा ट्रान्सफॉर्मर आणला, तेव्हा त्यांनी मला पकडलंच. "ट्रान्सफॉर्मर नको म्हणत होतीस की. मग हा वरवंट्याएवढा काय?" मी सांगितलं, हा वीज येते त्या मागच्या दाराचा. आवाज जातो त्या पुढच्या दाराचा नको. हे त्यांना पटलं.

पहाटे ऊन चढायच्या आत मी काम करायची. आप्पा टॉर्च धरायचे. पहिल्या आठवड्यात ते नुसते टॉर्च धरून उभे असायचे, दुसऱ्या आठवड्यात "हे काय, ते काय" सुरू झालं, आणि मे उजाडेपर्यंत त्यांना रेझिस्टरवरच्या रंगीत पट्ट्यांवरून आकडे वाचता येऊ लागले. पिवळा, जांभळा, लाल, असं म्हणत ते भिंगातून बघायचे आणि रेझिस्टर माझ्या तळहातावर ठेवायचे. हे मी विसरलेले नाही. कुठली तार कुठं जाते ते त्या घरात दोन माणसांना माहीत होतं, मला आणि त्यांना.

त्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याखाली तीनशे व्होल्ट होते. चालू असताना मोजमाप करायचं तर एक हात पाठीमागे ठेवायचा असतो, म्हणजे धक्का बसलाच तर तो छातीतून आरपार जात नाही. हे मी त्यांना सांगायची चूक केली. मग काय, मी मीटर हातात घेतला की मागून आवाज यायचा, "हात मागं." मुलांना ओळीत उभं करणाऱ्या मास्तरांचा आवाज. एकदा मी हात मागं न्यायला विसरले, तेव्हा त्यांनी माझं मनगट धरून तो हात स्वतःच्या मुठीत घट्ट धरला, आणि माझं मोजून होईपर्यंत सोडला नाही. त्यांच्या तळव्याला घाम सुटलेला होता.

पहिल्यांदा आवाज आला ती सकाळ मला नीट आठवते. बंद पडलेल्या एका टॉकीजचे जुने स्पीकर मी मिळवले होते. व्हॉल्व्ह हळूहळू उजळले. आधी गाभ्यात एक ठिणगी, मग केशरी, मग सगळी खोली चुलीपुढं बसल्यासारखी. मी एका गायिकेची जुनी भीमपलासी लावली. आप्पांनी ती चीज रेडिओवर, कॅसेटवर, माझ्या मोबाइलवर, शेकडो वेळा ऐकलेली. ते डोळे मिटून बसले होते. आलाप सुरू व्हायच्या आधी बाईंनी श्वास घेतला, आणि आप्पांनी डोळे उघडले. भान सुटलं की ते कानडीवर येतात. कानडीत म्हणाले, श्वास ऐकू येतोय की. मग मराठीत म्हणाले, "इतकी वर्षं ऐकतोय, बाई श्वास घेतात हे मला म्हायतच नव्हतं."

पाणी आलं आणि मला खाली पळावं लागलं. हंडे भरताना वरून भीमपलासी येत होती. मला वाटलं, बार्शीचं सगळं आता मागं पडलं.

बसू आला तो त्याच आठवड्यात. बसवराज, माझा धाकटा भाऊ, पुण्यात एका कंपनीत इंजिनिअर. दोन मोठ्या बॅगा घेऊन आला तेव्हाच मला शंका यायला हवी होती. घरून काम करायचंय म्हणाला. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉप उघडायचा आणि संध्याकाळी मिटायचा. एका संध्याकाळी आम्ही दोघं गच्चीवर पाणी मारत होतो. दिवसभर तापलेल्या फरशीवर पाणी पडलं की वाफ उठते आणि चुन्याचा वास येतो. त्या वाफेत उभं राहून त्यानं सांगितलं की नोकरी मार्चमध्येच गेलीय. आप्पांना सांगू नको म्हणाला. त्याचं मोहोळच्या एका मुलीशी बोलणं चाललेलं होतं, आम्ही जाऊन मुलगी बघून आलो होतो, आणि आता ते लोक आमचं घर बघायला येणार होते. लग्न ठरेपर्यंत दुसरी नोकरी मिळेल, तोवर कुणाला कळायला नको. मला ते आवडलं नाही. पण तो रडला. तो लहानपणी पडला की माझ्याकडेच यायचा, आईकडे नाही. मी गप्प राहायचं कबूल केलं.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी आप्पा म्हणाले, "नंदा, ते तुझं यंत्र हॉलमध्ये मांडू. पाहुण्यांना ऐकवू."

मला किती आनंद झाला हे लिहितानासुद्धा माझे कान तापतात. मी पत्रा चिंचेनं घासून चमकवला. काच पुसली. लाकडी पाट त्याच्याखाली ठेवला. मला वाटलं, परत आलेली मुलगी घरात आहे ही गोष्ट लोक पाहुण्यांना खाली मान घालून सांगतात, आणि माझे आप्पा ती वर मान करून सांगणार आहेत.

मोहोळहून चौघं आले. मुलीचे आईवडील, मामा, आणि अश्विनी, म्हणजे ती मुलगी. हल्ली मुलगीही घर बघायला येते, मला ते बरं वाटलं. मोकळी होती, बँकेत काम करायची. कूलर लावला तर आवाज येतो म्हणून आप्पांनी तो बंद करायला लावला आणि भीमपलासी लावायला सांगितली. मी लावून आत गेले. गव्हाची गोड हुग्गी वाढायची होती, सरबत करायचं होतं. स्वयंपाकघर आणि हॉल यांच्या मध्ये आमच्याकडे नुसता पडदा आहे.

पडद्यापलीकडून अश्विनीच्या वडिलांचा आवाज आला. हे काय नवीन, दिव्यांचा डबा, असं काहीतरी म्हणाले. आणि आप्पा म्हणाले, "आमच्या बसूनं केलाय. सगळं हातानं. ट्रान्सफॉर्मर नाही त्यात, बघा."

मी लिंबू पिळत होते. मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मग मामांनी विचारलं, ट्रान्सफॉर्मर नाही म्हणजे काय, आणि आप्पांनी समजावून सांगितलं. मध्यस्थ काढून टाकला, म्हणाले. माझा शब्द होता तो. पिवळा, जांभळा, लाल, सगळं त्यांनी सांगितलं, आणि प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला बसू होता.

मी तेव्हाही बाहेर गेले नाही. मी ट्रेमध्ये ग्लास मांडत राहिले. आप्पांचं वय झालंय, पाहुण्यांपुढं बोलताना घसरले, बसू आता हसून म्हणेल, अहो आप्पा, माझं कुठलं, अक्काचं आहे ते. मी त्याची वाट बघत पडद्याशी उभी राहिले. अश्विनीनं त्याला विचारलं, "सोल्डरिंगनं हात भाजतात ना? माझ्या भावाचे सारखे भाजायचे."

बसू म्हणाला, "सवय झाली."

माझ्या उजव्या तर्जनीवर तेव्हा फोड होता. त्या बोटानं मी ट्रे धरलेला होता.

मी बाहेर आले, ट्रे टेबलावर ठेवला, आणि जाऊन ॲम्प्लिफायरचं बटण बंद केलं. व्हॉल्व्हचा आवाज बटणाबरोबर तुटत नाही. आत साठलेली वीज ओसरायला थोडा वेळ लागतो, तोवर आवाज बारीक होत, चिरकत, खोल जात राहतो. सगळे त्या बाईंचा आवाज संपायची वाट बघत बसले. तो संपल्यावर मी म्हणाले, "हा मी केलाय."

 बसूनं लॅपटॉपकडे बघितलं, तो बंद होता. मग आप्पा हसले. शाळेच्या गॅदरिंगमध्ये पडदा अडकला की हसायचे तसं. "दोघांनी मिळून केलाय," ते म्हणाले. "बहीणभावांना लहानपणापासून नाद."

माझा खरा राग इथून सुरू होतो. पहिलं खोटं मला मोडता आलं असतं. दोघांनी मिळून, याला काय मोडणार? नाही म्हणावं तर भावाला हिस्सा न देणारी बहीण. त्या एका वाक्यात माझी पहाट, माझे चटके, माझं खोकं, सगळं अर्धं करून समोर वाढलं, आणि वर मी ते आनंदानं खावं अशी अपेक्षा. माझ्या जिभेवर दुसरं वाक्य होतं. याला नोकरी नाहीये. तेवढं बोलले असते तर हॉल रिकामा झाला असता. मी ते गिळलं. शब्द दिला होता म्हणून गिळलं, चांगुलपणानं नव्हे. आणि शब्द मी ज्याला दिला होता तो समोर सोफ्यावर माझ्या फोडाची सवय सांगत बसला होता.

अश्विनीनं मला विचारलं, "मग बंद का केलात? छान चाललं होतं."

सरळ विचारलं, कुत्सितपणे नाही.  मी म्हणाले, "तापलाय." आणि आत गेले. पाहुण्यांनी हुग्गी खाल्ली, सरबत प्यायलं, घर चांगलंय म्हणाले, गेले.

त्या संध्याकाळी बसू गच्चीवर माझ्यामागून आला. म्हणाला, अक्का, मी काय करणार, आप्पांनीच सुरुवात केली. मी म्हणाले, सवय झाली हे आप्पा बोलले नाहीत. तो स्वतःच्या हातांकडे बघत उभा राहिला. मी फरशीवर पाणी मारत राहिले, त्याच्या पायांवरही.

मोहोळचा निरोप काही दिवसांनी आला. मामांनी आप्पांना फोन केला. मुलगा चांगला, घर चांगलं, पण मोठी बहीण कायमची घरात, आणि जरा तापट वाटली. आप्पांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, "झालं? तुझ्यामुळं गेलं." तेव्हा मी जे बोलले ते पेठेत दोन घरं पलीकडं ऐकू गेलं असेल. टॉर्च कोण धरत होतं, विचारलं. माझा हात मुठीत कुणी धरला होता, विचारलं. ते म्हणाले, मी होतो की. मग, मी म्हणाले. मग तसं बोलायला जीभ कशी धजली तुमची?

आप्पांनी चष्मा काढला. "त्याच्या हातात काय नव्हतं गं. नोकरी गेलीय त्याची."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मला कळत नाही व्हय? दिवसभर लॅपटॉप उघडून भिंतीकडं बघायलाय तो." मग हळू म्हणाले, "तुला नोकरी हाय. हातात कला हाय. उद्या दुसरा करशील. त्याला त्या दिवसापुरतं कायतरी द्यायचं होतं."

मी म्हणाले, "मग तुमचं द्यायचं होतं. माझं का दिलंत?"

"बिडु, नंदा," ते म्हणाले. बिडु म्हणजे सोडून दे. आमच्या घरात भांडण मिटवायचं झालं की हा शब्द येतो. आईला पण हाच ऐकावा लागायचा, मला आठवतंय. आई सोडून द्यायची. मी दिलं नाही.

बाकी सगळं रीतसर झालं. बसूला दिवाळीच्या आत हैदराबादला नोकरी लागली, पुढं तिथल्याच एका मुलीशी लग्न झालं. ती चांगली आहे. त्यांची मुलगी मला व्हिडिओवर आत्त्या म्हणून हाका मारते, मी तिला शेंगाची पोळी पाठवते. एका रक्षाबंधनाला बसूनं मला भारी हेडफोन पाठवले. मी ते वापरते. राग आहे म्हणून चांगली वस्तू कपाटात कुजवायची, असला राग माझा नाही. राग असला की बोलणं बंद होतं असं ज्यांना वाटतं त्यांनी घरातला राग पाहिलेला नाही. घरातला राग रोज चहा पितो, गॅसचा नंबर लावतो, आप्पांच्या बीपीच्या गोळ्या आणतो.

ॲम्प्लिफायरही मी मोडला नाही. त्या पावसाळ्यात तो झाकून ठेवला होता. मग एका थंडीत मीच वैतागले. शिक्षा मी कुणाला करतेय? तो हॉलमध्ये आला आणि तिथंच राहिला. आप्पा ऐकतात. येणारे-जाणारे विचारतात, आणि त्यांच्यासाठी आप्पांनी एक वाक्य तयार केलं: "घरीच केलाय." बघा, काय वाक्य आहे. कर्ता नाही. पस्तीस-चाळीस वर्षं त्यांनी मुलांना व्याकरण शिकवलं, कर्ता कुठं गाळता येतो हे त्यांना पक्कं ठाऊक. मी ते वाक्य स्वयंपाकघरातून, पायऱ्यांवरून, पेपर तपासता तपासता वर्षानुवर्षं ऐकलं. दर वेळी हातातलं लाल पेन जरा जास्त दाबलं जायचं. काही मुलांचे गुण त्यात गेले नाहीत ना, याची मी दुसऱ्यांदा तपासून खात्री करायची.

या एप्रिलमध्ये आप्पांचे एक जुने विद्यार्थी आले. आता स्वतः मुख्याध्यापक आहेत, मंद्रूपकडच्या एका शाळेत. माझ्या निरोपसमारंभाला सर, तुम्ही यायलाच हवं, असं सांगायला आलेले. ऊन मी म्हणत होतं, तरी आप्पांनी ॲम्प्लिफायर लावायला सांगितला. पाहुण्यांनी तो निरखून पाहिला, हात जवळ नेऊन धग घेतली, आणि विचारलं, कुणी केलं हे?

मी तिथंच होते, पाण्याचा तांब्या घेऊन. आप्पा आता थकलेत. उठताना खुर्चीचा हात धरावा लागतो, ऐकू कमी येतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याशी उभी नव्हते, समोर उभी होते. मी नजर हलवली नाही.

"नंदानं केलाय," ते म्हणाले. "माझ्या मुलीनं. एकटीनं."

इतकी वर्षं मी या वाक्याची वाट बघितली. रस्त्यानं चालताना, वर्गात फळ्याकडे वळताना मी ते त्यांच्या तोंडी घालून पाहिलं होतं. ते आलं की आत काहीतरी सैल होईल अशी माझी समजूत होती. पाहुणे मला म्हणाले, मॅडम, कमाल आहे. मी हसले, पाणी दिलं. आणि आत बघते तर राग तिथंच, जिथं होता तिथं. उलट आता त्याची जागा मला नीट दिसायला लागली होती. हे वाक्य चांगलंच होतं, पण ते मंद्रूपच्या मुख्याध्यापकांना सांगितलं गेलं. ज्यांना खोटं सांगितलं होतं ते मोहोळला होते.

पाहुणे गेले. मी आप्पांच्या समोरच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "हे मोहोळला सांगा."

त्यांना वाटलं मी चेष्टा करते. मग त्यांना कळलं. आता काय उपयोग, म्हणाले. त्या मुलीचं लग्न कधीच झालं असेल. लोक आपल्याला वेडे म्हणतील. मी म्हणाले, म्हणू देत. ते बिडु म्हणतील याची मी वाट बघत होते. ते म्हणाले नाहीत. टेबलावरचा मोबाइल त्यांनी ओढला. नंबर अजून होता, 'मोहोळ पाहुणे' या नावानं. ऐकू यावं म्हणून त्यांनी स्पीकर लावला.

पलीकडून अश्विनीच्या वडिलांनी फोन उचलला. ओळख पटायला बराच वेळ गेला. शुक्रवार पेठेतले गुरुजी, असं दोनदा सांगावं लागलं. मग ते ओळखून बोलायला लागले, तब्येत, ऊन, पाणी. आप्पांनी त्यांना मध्येच थांबवलं.

"तुम्ही घरी आलता, तेव्हा एक गाण्याचं यंत्र होतं हॉलमध्ये."

"यंत्र? कंचं यंत्र, गुरुजी?"

"काचेच्या नळ्यांचं. दिव्यांचं."

"असंल की. मला न्हाय ध्यानात. लई गरम हुतं तुमच्या हितं, येवढं ध्यानात हाय."

आप्पांनी मोबाइल दोन्ही हातांत धरला. "ते माझ्या मुलीनं केलंय. मुलानं न्हाय. मी त्या दिवशी तुमच्याशी खोटं बोललो."

 पलीकडून ते म्हणाले, "बरं, बरं. हुतंय की तसं." आणि पुढं, बसूचं कसं चाललंय ते विचारलं. अश्विनी आता लातूरला असते, दोन मुलं आहेत. वळवाचा पाऊस पडला का तुमच्याकडं. आप्पांनी सगळ्याची उत्तरं दिली, नमस्कार म्हणाले आणि फोन ठेवला. मोबाइल त्यांनी टेबलावर पालथा ठेवला. आयुष्यभर ज्या माणसानं वर्गात चूक कबूल करणाऱ्या मुलाला शाबासकी दिली, त्याला ते करायला किती जड गेलं ते मला दिसत होतं. आणि ज्याला सांगितलं त्याला आठवतसुद्धा नव्हतं, हेही.

मला त्या मोहोळच्या माणसाचा राग आला. कुणालाच लक्षात नाही अशा गोष्टीसाठी माझी इतकी वर्षं गेली, याचा राग आला. आणि आप्पांनी इतक्या उशिरा, इतकं नीट केलं, याचाही.

आप्पा माझ्याकडे वळले. "झालं तुझं समाधान?"

त्यांना बरं वाटावं म्हणून व्हय म्हणणं सोपं होतं. मी म्हणाले, "नाही."

 मग त्यांनी मान हलवली. "नसंल झालं," म्हणाले. आणि खुर्चीचा हात धरून, न उठता, तिथंच माझ्यासमोर बसून राहिले.